वाकळीचा चौथा कोपरा

कुरुंदवाडहून लग्न होऊन कोल्हापुरात आली तेव्हा कालिंदीच्या पत्र्याच्या ट्रंकेत उशांचे चार अभ्रे, एक टेबलक्लॉथ आणि चौकटीत बसवलेलं एक 'सुस्वागतम्' होतं. ही गोष्ट चौसष्ट सालची. त्या काळी मुलगी दाखवताना तिचं भरतकामही दाखवायचे, आणि बघायला आलेल्या बायका अभ्रा हातात घेतल्याबरोबर आधी उलटा करायच्या. सुलट बाजूला कुणीही पोपट काढील. उलट बाजूला गाठी किती आणि दोरे किती लोंबतायत, त्यावर मुलीची खरी परीक्षा. कालिंदीच्या पोपटाची पाठसुद्धा पोपटासारखीच दिसायची. आपलं लग्न त्या पोपटानंच जमवलं, असं माधवराव पुढे चारचौघांत सांगत.

माधवराव हायस्कुलात भूगोल शिकवत. बायकोला मुलींच्या शाळेत शिवणाच्या बाईंची जागा मिळाली तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले. शाळेत मात्र शिवणाच्या तासाला सावत्र पोरासारखं वागवत. गणित मागे पडलं की शिवणाचा तास गणिताला, कुणी मोठे पाहुणे यायचे असले की शिवणाच्या मुली पताका चिकटवायला. अशा तासांतून कालिंदीबाईंनी वर्षानुवर्षं काजं, तुरपाई आणि साखळी टाका शिकवला, आणि त्यातच केव्हातरी त्यांना पोपटाचा वीट आला.

सत्तर साली त्यांची आई गेली. भावानं आईची सात लुगडी गाठोड्यात बांधून पाठवली. अशा लुगड्यांची आमच्याकडे वाकळ शिवतात. जुन्या कापडाचे थर एकावर एक घालायचे आणि धावदोऱ्यानं शिवून पांघरूण करायचं. कालिंदीबाईंनी हे काम विठाबाईंना सांगितलं. विठाबाई उलपे कसबा बावड्याच्या. रोज सकाळी म्हशीचं दूध घालायला यायच्या आणि उन्हाळ्यात चार घरच्या वाकळा शिवायच्या. आवाज असा की त्या हळू बोलल्या तरी शेजारी दार उघडून बघायचे.

मागच्या सोप्यात विठाबाईंनी चार लुगडी पसरली. तीन कालिंदीबाईंनी मागे ठेवली. का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्या शेजारी बसून बघायला लागल्या. भरतकामातलं आपल्याला सगळं येतं असा त्यांचा समज होता, तो तासाभरात उतरला. विठाबाई आखून घेत नव्हत्या की छाप मारत नव्हत्या. कडेकडेनं टाका घालत त्या आत आत सरकत होत्या, आणि कापडात जिथं झोळ असेल तिथं दोरा आपसूक वळत होता.

"आखून नाही का घेत?" कालिंदीबाईंनी विचारलं.

"सगळं आकून ठेवल्यावर मग हातानं काय करायचं, बाई?" विठाबाई म्हणाल्या.

तीन कोपरे मिटले आणि चौथ्यापाशी विठाबाई थांबल्या. "भाकरी आना जरा," म्हणाल्या. कालिंदीबाईंना वाटलं, भूक लागली असेल. त्यांनी भाकरी-पिठलं वाढून आणलं. विठाबाईंनी भाकरीचा नखाएवढा तुकडा मोडला, चौथ्या कोपऱ्याच्या आत सारला आणि मगच टाका घातला. उरलेली भाकरी त्यांनी पिठल्याशी खाल्ली, तो भाग वेगळा.

"वाकळीला घास घातल्याबिगर मिटायची न्हाय," त्या खाता खाता म्हणाल्या. "उपाशी वाकळ ऊब देत न्हाय, आपलीच ऊब खाती. अन् घास कवा घालायचा, तर जिनं शिवली तिचं मन भरल्यावर. तवर कोपरा उगडा."

कालिंदीबाईंनी त्यानंतर पोपट काढला नाही. त्या कापडाचे थर घ्यायच्या आणि डोळ्यांनी पाहिलेलं त्यात शिवायच्या. गुळाच्या बाजारातलं गोणपाट, चपला करणाऱ्यांकडची चामड्याची कात्रणं, पटवेकऱ्याच्या दुकानातून झाडून टाकलेले रेशमाचे तुकडे, जे हाती लागेल ते टाक्याखाली धरायच्या. "चामडं तेवढं देवघरापासून लांब ठेव," एवढंच माधवराव म्हणाले. दोन वर्षांत दोन कामं झाली. एकात ऊसतोडीनंतरचं रान होतं, दुसऱ्यात पावसाळ्यातली छपरं. दोन्हींचा चौथा कोपरा उघडाच होता. दर वेळी बाई भाकरीपर्यंत जायच्या, आणि काहीतरी राहिलंय असं वाटून परत यायच्या.

शाळेतले चित्रकलेचे सर म्हणजे त्र्यंबकराव. हे एरवी नाटकाचे पडदे रंगवत. राजवाडा, अरण्य आणि रस्ता, हे तीन पडदे त्यांच्या हातचे नाहीत अशी नाटक कंपनी तेव्हा या भागात नसेल. सरस आणि पुडीचे रंग कालवून वीस फुटांचं अरण्य ते दुपारी जेवणाआधी उठवायचे. माणूस मनानं चांगला. कालिंदीबाईंच्या कामात काहीतरी आहे हे पहिल्यांदा त्यांनीच ओळखलं, आणि बहात्तर साली त्यांच्याच खटपटीनं ऊसतोडीचं रान मुंबईच्या एका कलासंस्थेच्या प्रदर्शनाला गेलं.

चित्र विभागानं ते घेतलं नाही. 'सदर काम कापडावरील असल्याने हस्तकला विभागाकडे पाठविले आहे,' असं पत्र आलं. माधवरावांना घेऊन बाई हौसेनं मुंबईला गेल्या, तर चित्रं दालनात भिंतीवर दिमाखात टांगलेली आणि हस्तकला व्हरांड्यातल्या टेबलावर. क्रोशाचे रुमाल आणि मण्यांची तोरणं यांच्यामध्ये त्यांचं रान घडी घालून ठेवलं होतं. कुणीतरी वर चहाचा कप ठेवला होता. बाईंनी कप उचलून बाजूला ठेवला आणि कपाखालचा ओला गोल पदरानं टिपला.

त्र्याहत्तर साली त्यांनी मागे ठेवलेली तीन लुगडी काढली आणि कुरुंदवाडचा संगम शिवायला घेतला. आईबरोबर लहानपणी तिथं धुणं धुवायला जायच्या. एक लुगडं गर्द हिरवं, एक निळसर, आणि एक इतकं विटलेलं की त्याला रंगाचं नाव देता येऊ नये. एका नदीला धावदोरा, दुसरीला साखळी टाका, काठाला गोणपाट, पाण्यात चामड्याच्या चार होड्या. आठ महिने रोज शाळेतून आल्यावर दिवेलागणीपर्यंत त्या बसत होत्या. ह्या वेळी भिंतीवर जायचंच, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. टेबलावर पुन्हा गेलं तर सुई खाली ठेवायची आणि जन्मभर काजं शिकवायची, असंही धरलं होतं. हे दुसरं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्र्यंबकरावांनी काम पाहिलं आणि मान हलवली. "सुंदर आहे, पण ते पुन्हा टेबलावर टाकतील. टाके झाका. वरून रंग येऊ द्या. मी वाईट सांगत नाही हो, भिंतीवर जायचं तर भिंतीची भाषा बोलावी लागते."

पुडीचे रंग आणि सरस त्यांनीच दिला. बाईंनी आठ दिवसांत संगमावर निळा चढवला, त्यावर पांढरा, कडेला पिवळी माती. टाके रंगाखाली गेले; बोट फिरवलं तर लागायचे, डोळ्यांना दिसायचे नाहीत. काम आवडलं नव्हतं, पण आवडलंय असं बाईंनी स्वतःला समजावलं. माधवराव चष्मा पुसून म्हणाले, "समुद्र छान झालाय."

परीक्षक मुंबईहून नवरात्रात तिसऱ्या माळेला येणार होते आणि त्र्यंबकरावांच्या पडदे रंगवायच्या कारखान्यात इथली चित्रं बघून निवडणार होते. रंग चढलेलं कापड वाळून कडक झालं होतं, मध्ये मोठी सुरकुती पडली होती. इस्त्री करावी तर सरस चिकटणार. म्हणून बाईंनी ते जुन्या धोतरात गुंडाळलं आणि वजनानं सरळ व्हावं म्हणून अंथरुणांच्या ढिगाखाली अगदी तळाशी ठेवून दिलं.

आता नवरात्राआधी कोल्हापुरात काय होतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. घट बसायच्या आत घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन निघतं. नदीच्या काठाला त्या दिवसांत पाय ठेवायला जागा मिळत नाही. बाईंच्या घरच्या वाकळा विठाबाई दरवर्षी बावड्याच्या बंधाऱ्याखाली नेऊन धूत. त्याही वर्षी अमावास्येच्या आदल्या दिवशी त्या बैलगाडी घेऊन आल्या, बाई शाळेत होत्या, किल्ली विठाबाईंकडे असायचीच. त्यांनी ढीगच्या ढीग उचलला आणि गाडीत घातला. बाई ही गोष्ट कशा विसरल्या, याचं उत्तर त्यांना पुढे कधीच सापडलं नाही.

चारला बाई घरी आल्या तेव्हा विठाबाई वाळलेल्या वाकळांच्या घड्या घालत होत्या.

"ह्यातली एक लईच कडाक व्हती बगा, बाई," त्या कौतुकानं म्हणाल्या. "कांजी केल्यागत. दोनदा सोड्यात घातली, पायानं तुडिवली, मग कुटं मऊ आली. पानी तर असं निळं निगालं! अन् चवथा कोपरा तसाच ऱ्हायलावता. म्या माज्या भाकरीतला घास घातला अन् मिटला."

बाईंनी घडी उलगडली. निळा गेला होता, पांढरा गेला होता. माती कुठंकुठं पिवळ्या डागांसारखी राहिली होती.

"हे चित्र होतं, विठाबाई," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांचा तोल गेला. आठ महिने, मुंबई, टेबल, चहाचा कप, सगळं त्या एका बाईवर निघालं. "तुम्हाला काय कळतंय त्यातलं? अडाणी माणसाच्या हातात घराची किल्ली दिली, ही माझीच चूक."

विठाबाईंनी कनवटीची किल्ली काढली, उंबऱ्यावर ठेवली आणि गाडी जुंपली. दुसऱ्या दिवशी दूध आलं नाही.

त्र्यंबकराव मात्र आले. कापड बघून त्यांनी कपाळावर हात मारला, पण लगेच सावरले. "घाबरू नका, कालिंदीबाई. तीन दिवस आहेत. माझ्याकडे पाठवा. मी स्वतः हात मारतो, दोन दिवसांत नदी होती तशी उभी करतो."

"उद्या सांगते, सर," बाई म्हणाल्या.

घट बसले त्या दिवशी देवाचं आटोपून त्यांनी कापड पिशवीत घातलं आणि बावड्याची वाट धरली. माफी मागायला निघालो आहोत की राहिलेलं भांडण पुरं करायला, हे त्यांना घरून निघताना ठरवता आलं नव्हतं. साखर कारखान्याच्या धुराड्यापर्यंत ते माफीवर आलं होतं.

विठाबाई गोठ्यात शेण काढत होत्या. त्यांनी वर बघितलं आणि पुन्हा काम चालू ठेवलं.

"परवा मी नको ते बोलले," बाई म्हणाल्या. "माझं चुकलं."

"बोलला व्हय," विठाबाई म्हणाल्या. पाटी उचलून बाहेर टाकून आल्या, हात धुतले, मग विचारलं, "आनलीया का ती?"

बाईंनी कापड काढून दिलं. विठाबाईंनी ते अंगणातल्या काथ्याच्या दोरीवर टाकलं आणि त्या बाईंसमोर उभ्या राहिल्या. "आता मला सांगा. दोरा कुटं तुटलाय, दावा."

"दोरा नाही, रंग गेला."

"ते म्या बगितलं. दोरा कुटं तुटलाय?"

बाई एका कोपऱ्यापासून बघायला लागल्या. आधी रागानं, मग शिवणबाईच्या नजरेनं, बोट फिरवत, टाक्यामागून टाका. धावदोऱ्याची नदी संपली, साखळीची सुरू झाली. सोड्यातून आणि पायाखालून निघालेल्या त्या हजारो टाक्यांतला एकही उसवला नव्हता.

"रंग कुनी लावाय सांगितलावता?"

"सरांनी."

"मग सरांचा रंग गेला," विठाबाई म्हणाल्या. "तुमचं काय गेलं?"

बाई दोन पावलं मागे सरकल्या आणि तेव्हा त्यांनी काथ्यावरचं कापड पहिल्यांदा नीट पाहिलं. तीन लुगडी तीन वयांची होती आणि धुण्यात ती सारखी आटली नव्हती. नव्या हिरव्याला बारीक, दाट चुण्या आल्या होत्या, जुनं विटलेलं सैल पसरलं होतं, आणि जिथं दोन्ही एकत्र शिवली होती तिथं कापड वर उठून वळत होतं. गढूळ पाणी नितळ पाण्यात शिरताना कुरुंदवाडला दिसतं, तेच. आठ महिने त्या हे टाक्यांनी करायला बघत होत्या. चामड्याच्या होड्यांच्या कडा भिजून वाळताना वर वळल्या होत्या. आधी त्या नुसत्या चकत्या होत्या. वाऱ्यानं कापड फिरलं तेव्हा मागची बाजू दिसली. तिथंही तोच संगम होता, पलीकडच्या काठावरून बघितलेला. रंग लावल्यावर ह्या बाजूचा त्यांना विसरच पडला होता. आई धुणं घेऊन ह्याच काठावर बसायची.

त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. विठाबाईंनी म्हशीला वैरण टाकली, चुलीवर चहा ठेवला आणि त्यांना रडू दिलं.

घरी आल्यावर त्यांनी कापड खुंटीला लावलं. माधवराव बाहेरून आले, चप्पल काढता काढता थबकले. "अगं, हा तर तुमचा संगम," म्हणाले. "ही पश्चिमेकडून आली ती पंचगंगा, ही कृष्णा." समुद्राबद्दल आपण काही बोललो होतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

त्र्यंबकरावांना बाईंनी रंगाला नको म्हणून सांगितलं. ते दुखावले. "मग टेबलावर जाईल," म्हणाले.

"जाऊ दे," बाई म्हणाल्या. पण टेबलावर गेलं तर सुई खाली ठेवायचं जे मनाशी धरलं होतं, ते त्यांनी सोडलं नव्हतं.

तिसऱ्या माळेला परीक्षक आले. पिकल्या दाढीचे, थकलेले गृहस्थ. भिंतीला टेकवलेली पंचवीसएक चित्रं बघत ते संगमापाशी आले आणि थांबले. मग म्हणाले, "काम चांगलं आहे. पण हे शिवलेलं आहे, बाई. नियमानं मला हस्तकलेत लिहावं लागेल."

"लिहा," बाई म्हणाल्या. "पण आधी उलटं करून बघा."

"उलटं?"

"आमच्याकडे भरतकाम उलटं करून बघतात. त्याशिवाय पसंती होत नाही."

गृहस्थ हसले. दोन्ही हातांनी धरून त्यांनी कापड फिरवलं. हसू गेलं. त्यांनी पुन्हा सुलट केलं, पुन्हा उलट. "भिंतीवर लावलं तर ही बाजू मरेल," ते स्वतःशीच म्हणाले.

"टेबलावर ठेवलं तरी मरेल," बाई म्हणाल्या.

त्या वर्षी मुंबईच्या प्रदर्शनात संगम भिंतीवरही नव्हता आणि टेबलावरही नव्हता. चित्रांचं दालन आणि हस्तकलेचा व्हरांडा यांच्यामधल्या मोठ्या दारात तो वरून दोरीनं सोडला होता. इकडून तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाला त्याला वळसा घालून जावं लागे, आणि वळसा घालताना लोक दुसरी बाजू बघत. त्र्यंबकराव स्वतः मुंबईला जाऊन बघून आले. "अडथळा केलाय हो तुम्ही त्यांना दारात," म्हणाले. स्वर असा होता की दारात अडथळा त्यांनीच केला असावा.

प्रदर्शन संपल्यावर संस्थेनं काम आपल्या संग्रहासाठी ठेवून घेतलं. बाईंची सुई पुढे कैक वर्षं चालली, ते सगळं इथं सांगत बसत नाही. पण चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात संस्थेचं एक पत्र आलं, ते सांगितलं पाहिजे. त्या सकाळी विठाबाई दूध घालून सोप्यात टेकल्या होत्या. बाईंनी पत्र मोठ्यानं वाचलं. 'आपल्या कामाच्या एका कोपऱ्यात काही कठीण वस्तू राहून गेल्याचे आढळले आहे. तेथे मुंग्याही दिसल्या. कोपरा उसवून ती वस्तू काढून टाकावी काय, ते कळवावे.'

"आगं आई गं," विठाबाई म्हणाल्या. "माजा घास. लिवा, टाकून द्या म्हनावं. तुमच्या चित्राला मुंग्या नगोत."

बाई उठल्या. उसाचं रान आणि पावसातली छपरं, दोन्ही कामं कपाटातून काढून त्यांनी विठाबाईंपुढे पसरली. मग स्वयंपाकघरातून सकाळची भाकरी आणून ठेवली. "तोवर सुई ओवून ठेवा," म्हणाल्या, "हे पत्र तेवढं लिहिते," आणि कार्ड घेऊन तिथंच जमिनीवर लिहायला बसल्या.

'स. न. वि. वि. आपले पत्र पावले. चौथा कोपरा विठाबाई उलपे, कसबा बावडा, यांच्या हातचा आहे. चित्राखाली त्यांचेही नाव लिहावे. आतमध्ये भाकरीचा घास आहे, तो काढू नये. मुंग्या येत असल्यास कोपऱ्याला थोडी हळद लावावी.'